गावचं १२ एकर रान न तोडता ठेवलं तर कोणी पैसे देतं का?

लालबागचा_चाकरमानी

नमस्कार मंडळी. इथे कोकणातले बरेच लोक आहेत म्हणून विचारतो. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, वाडीच्या वरच्या अंगाला आजोबांपासूनची साधारण १२ एकर जमीन आहे. पूर्वी तिथे नाचणी-वरी व्हायची म्हणतात पण मी बघतोय तेव्हापासून नुसतं रान, ऐन, किंजळ, जांभूळ, रायवळ आंबे, आणि दोन बेहडे तर एवढे मोठे की तिघांनी हात धरून वेढा घातला तरी पुरत नाही. मधून एक पऱ्या (ओढा) उतरतो, त्याच्यावरच खालची विहीर आणि वाडीची नळपाणी योजना चालते. सातबाऱ्यावर आम्ही सात जण, पाच इकडे मुंबईत, लालबाग विक्रोळी डोंबिवली असे पसरलेले, एक पुण्याला आणि एक चुलत भाऊ गावाला.

तर शिमग्याला गेलो तेव्हा कळलं की लाकूडवाला रान बघून गेलाय. सरसकट तोड, साडेतीन लाख रोख, वर जेसीबीने रस्ता पण काढून देतो म्हणतो. मोठ्या काकांना घराचं छप्पर करायचंय त्यामुळे त्यांचा होकार आहे, त्यात त्यांची काही चूक आहे असं मला वाटत नाही. इकडे डोंबिवलीच्या भावाला कोणाचा तरी फोन आला की तुमच्या जंगलाचे कार्बन क्रेडिट काढून देतो, ३० वर्षांचा करार, एकरी दरवर्षी पैसे, फक्त आधी २५ हजार रजिस्ट्रेशन भरा.

माझा साधा प्रश्न आहे, जंगल उभं ठेवण्याचे पैसे खरंच कोणी देतं का? सरकार, कंपनी, संस्था, कोणीही. बाहेरच्या देशात देतात असं ऐकलंय. आणि प्लीज नुसतं पर्यावरण वाचवा सांगू नका, ते मला पण कळतं, पण सात जणांना पटवायचंय आणि तिथे आकडा लागतो.

अंधेरी_ईस्ट

आधी ते २५ हजार भरू नका. मी याच धंद्यात काम करतो, चांगला प्रोजेक्ट करणारे जमीनमालकाकडून फी घेत नाहीत, खर्च ते करतात आणि पुढच्या क्रेडिटमधून वसूल करतात.

आता तुमच्या रानाचं गणित. एक क्रेडिट म्हणजे हवेतून कमी केलेला किंवा हवेत जाण्यापासून थांबवलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, कंपन्या ते विकत घेतात. समजा तुमचं रान एकरी वर्षाला दोन टन ओढतंय आणि टनाला पाचशे रुपये मिळाले, दोन्ही आकडे मी फक्त हिशोबापुरते धरतोय, तर १२ एकरांचे वर्षाला १२ हजार झाले. आणि प्रोजेक्टची कागदपत्रं, बाहेरच्या ऑडिटरची तपासणी, दर काही वर्षांनी परत मोजणी याचा खर्च लाखांत जातो. म्हणून हे काम हजारो एकर एकत्र केल्याशिवाय उभंच राहत नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी. क्रेडिट मिळतं ते जास्तीच्या फायद्यासाठी, म्हणजे हे पैसे आले नसते तर जंगल गेलं असतं हे दाखवावं लागतं. ज्याचं जंगल आपोआप राहणार होतं त्याला काही नाही आणि जो तोडायला निघालाय तो पात्र, ऐकायला विचित्र आहे पण नियम तसाच आहे. आणि तोडलं असतं हे सिद्ध करताना जगभर एवढी फेकाफेक झालीये की २०२३ मध्ये ब्रिटनच्या गार्डियन वृत्तपत्राने जंगल वाचवण्याच्या क्रेडिटांवर मोठी शोधबातमी केली आणि बाजाराचा विश्वासच उडाला. नवीन झाडं लावण्याचे प्रोजेक्ट त्या मानाने चालतात, पण त्यासाठी जमीन मोकळी लागते, तुमच्याकडे तर उभं जंगल आहे.

सरकारी ग्रीन क्रेडिट योजनेचे नियम २०२३ ला आले, त्याबद्दल पण कोणीतरी सांगेलच तुम्हाला. ती मुख्यतः वनखात्याच्या ताब्यातल्या उजाड जमिनीवर झाडं लावण्यासाठी आहे. तुमच्या उभ्या ऐन-किंजळीला त्यात जागा नाही.

काजूवाला_देवरुख

मी उलट सांगतो, राग मानू नका. आम्ही आमचं पाच एकर तोडलं आणि काजू लावली. भाऊसाहेब फुंडकर योजनेत कोकणात १० हेक्टरपर्यंत फळबागेला अनुदान आहे, खड्डे, कलमं, लावणी सगळं धरतात, तीन वर्षांत हप्त्याने खात्यावर येतं. रान राखलं तर सरकार रुपया देत नाही आणि साफ करून बाग केली तर देतं, मग माणूस काय करणार? इथे राहणाऱ्याला रोज वानरं आणि गवे बघायचे असतात, मुंबईवाल्यांनी मे महिन्यात येऊन फोटो काढायचे आणि आम्ही राखण करायची, हे किती वर्षं चालणार.

फक्त एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. लाकूडवाल्याचा जेसीबीचा रस्ता फुकट नसतो. आमच्याकडे त्या रस्त्यावरूनच पहिल्या पावसात माती सुटली आणि खालचा वहाळ लाल गाळाने भरला, दोन पावसाळे बायका विहिरीचं पाणी फडक्याने गाळत होत्या. तुमचा पऱ्या जर पिण्याच्या पाण्याचा असेल तर वाडीला विचारल्याशिवाय हात लावू नका, नाहीतर गावात तोंड दाखवायची पंचाईत होईल.

जुना_वनपाल

चाकरमानी साहेब, पैशाचं नंतर, आधी कागद बघा. ताजा सातबारा काढा आणि इतर हक्काच्या रकान्यात खाजगी वन किंवा भारतीय वन अधिनियम कलम ३५ असा काही शेरा आहे का ते बघा. १९७५ चा खाजगी वन संपादन कायदा आहे, त्यात बसणाऱ्या जमिनी ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारजमा धरल्या गेल्या आणि कित्येक ठिकाणी मालकांना हे तीस-चाळीस वर्षांनी कळलं. असा शेरा असेल तर लाकूडवालाही गप्प बसेल आणि कार्बनवालाही.

शेरा नसेल तरी सरसकट तोड म्हणजे मनाला येईल तशी नव्हे. १९६४ चा झाडे तोडण्याचा कायदा आहे, त्याच्या यादीत ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस, हिरडा, खैर, साग ही सगळी येतात, तुम्ही लिहिलेली बहुतेक झाडं त्यातच आहेत. परवानगी लागते, मालाला वाहतूक पास लागतो. लाकूडवाला म्हणतो कागदाचं मी बघतो, पण अर्जावर सही तुमची असते आणि गुन्हा दाखल झाला की नाव जमीनमालकाचं येतं. पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह झोनचा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतोय, तुमचं गाव यादीत आहे का तेही बघून ठेवा.

आणि जमीन सामाईक आहे ना? वाटप झालेलं नसेल तर एकट्या हिस्सेदाराला सगळं रान विकता येत नाही. सातही सह्या हव्यात. तुम्ही एक जण जरी लेखी हरकत घेतलीत तरी काम अडतं, पण भाऊबंदकी करायची की समजुतीने घ्यायचं हे तुमचं तुम्ही ठरवा.

लालबागचा_चाकरमानी

वनपाल साहेब, खूप आभार, सातबारा काल रात्रीच ऑनलाइन काढला, इतर हक्कात फक्त जुनं सोसायटीचं कर्ज दिसतंय, वनाचा शेरा नाही. पण एक नवीन भानगड कळली, गावच्या भावाने लाकूडवाल्याकडून २० हजार विसार घेतलाय. चिठ्ठीवर त्याची एकट्याचीच सही आहे.

काजूवाले दादा, राग कसला, तुमचं बरोबरच आहे. आमच्या वाडीत ६५ घरं, त्यातली निम्मी गणपती आणि शिमग्यालाच उघडतात. राखण गावातले करतात हे मान्य.

मीना_ठाणे

मला वाटतं तुम्ही गिऱ्हाईक चुकीच्या ठिकाणी शोधताय. कार्बनचं गिऱ्हाईक लांब कुठेतरी बसलेलं असतं आणि त्याला १२ एकरांशी काही देणंघेणं नसतं. तुमच्या रानाचा फायदा आत्ता रोज कोण घेतंय? नळपाणी योजना. म्हणजे तुमची वाडी.

याचं आपल्या देशातलंच उदाहरण आहे, हिमाचलमधलं पालमपूर. गावाला वर्षानुवर्षं बोहलच्या झऱ्याचं पाणी येतं आणि झरा वरच्या गावांच्या जंगलात आहे. २०१० साली नगर परिषदेने वरच्या गावच्या वन समितीशी करार केला, तुम्ही चराई आणि तोड आवरा, जंगल सांभाळा, आम्ही वर्षाला १० हजार रुपये देतो. रक्कम हसण्यासारखी वाटते ना, पण पाणी पिणारा पाणी राखणाऱ्याला कागदावर पैसे देतोय ही गोष्ट मोठी आहे. न्यूयॉर्कने हेच प्रचंड प्रमाणावर केलं, १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी आणि शेतकऱ्यांशी करार करून पाणलोट सांभाळायला पैसे दिले, कारण गाळण प्रकल्प बांधायचा तर ६ ते ८ अब्ज डॉलर लागणार होते. तिथे कोणी जंगलावर प्रेम म्हणून पैसे दिले नाहीत, स्वस्त पडलं म्हणून दिले.

तुम्ही बाहेरच्या देशाचं ऐकलंय ते बहुतेक कोस्टा रिकाचं. १९९६ चा वन कायदा आणि १९९७ पासून मालकांना थेट पैसे, त्यातला मोठा वाटा पेट्रोल-डिझेलवरच्या करातून. मालकाला कशाचे पैसे देतात तर कार्बन, पाणी, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य अशा चार गोष्टींचे. नुसतं जंगल सांभाळण्याचा दर बरीच वर्षं हेक्टरी वर्षाला ६४ डॉलरच्या आसपास होता. तुमचे १२ एकर म्हणजे पावणेपाच हेक्टरच्या वर, म्हणजे तिकडे असतात तर वर्षाला पंचवीस हजारांच्या वर रुपये मिळाले असते. साडेतीन लाखापुढे काहीच नाही, पण दरवर्षी आणि रान जागेवर. आणि एक गोष्ट लोक सांगत नाहीत, त्याच कायद्याने जंगलाचं दुसरं काही करायला बंदीही घातली होती. नुसत्या पैशाने झालं नाही, बंदी आणि पैसे दोन्ही एकदम आले तेव्हा झालं.

आता थोडं विषयांतर करते कारण राहवत नाही. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. भातसा आमच्याकडे, तानसा आमच्याकडे, मुंबईचं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातशातून येतं आणि मार्च उजाडला की आमच्याच वाड्या-पाड्यांवर टँकर. पालिका पाणीपट्टी दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढवू शकते, त्यातला एक टक्का तरी पाणलोटातल्या पाड्यांना द्या असं कोणी म्हणत नाही. उलट आता गारगाई धरण हवंय, रोजच्या ४४० दशलक्ष लिटरसाठी तानसा अभयारण्यातली लाखो झाडं.

अंधेरी_ईस्ट

मीनाताई, पालमपूर मस्त आठवण काढलीत. पण शहापूरचं एवढं सोपं नाहीये. तानसाच्या आसपासचं जंगल वनखात्याचं, मग पालिकेने पैसे द्यायचे कोणाला? वनखात्याला दिले तर पाड्यावरच्या कातकऱ्याला त्यातला रुपया दिसणार नाही. कॅम्पाचा निधी बघा ना, जंगल गेल्याची भरपाई म्हणून गोळा झालेला पैसा, २०१६ ला त्याचा कायदा झाला, तो वनखात्याकडेच फिरतो. वित्त आयोगाचं तसंच, चौदाव्या आयोगाने राज्यांच्या वाटपात जंगलाला साडेसात टक्के वजन दिलं, पंधराव्याने १० टक्के केलं, म्हणजे केंद्र राज्याला जंगल राखल्याबद्दल पैसे देतंय. राज्याने ते पुढे जंगलवाल्याला द्यावेत अशी काही अट नाही.

मीना_ठाणे

बरोबर, म्हणून आधी हक्क. गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि मग बांबूचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात यायला लागले. ज्याच्याकडे हक्काचा कागद नाही त्याच्याशी करार कोण करणार. चाकरमानी दादांकडे तो कागद आहे, सातबारा, एवढंच मला म्हणायचं होतं.

मग दादा, तुमच्या गावाचं मुंबई मंडळ असेलच ना? ६५ घरं, घरामागे महिना ३० रुपये म्हणजे वर्षाचे २३ हजार ४००. कोस्टा रिकाच्या दराच्या जवळपास. पालखीला आणि गणपतीला याच्यापेक्षा जास्त वर्गणी निघते.

काजूवाला_देवरुख

निघते पण ती देवासाठी. भावकीतल्या सात जणांना द्यायला कोण काढेल, आमच्याकडे तर लगेच म्हणतील यांच्या बापाचं पाणी आहे का. मंडळाच्या मिटिंगला हे मांडायचं तर पैसे सात जणांच्या खिशात जाणार नाहीत अशी सोय आधी करा. पैसे पाणी समितीच्या खात्यात ठेवा, त्यातून दरवर्षी वणव्याआधी जाळरेषा (आग अडवायला साफ केलेला पट्टा) काढायची मजुरी द्या, राखणीला गावातलाच एक माणूस ठेवा, आणि उरलं तर मालकांना. मग वाडीला पटेल, कारण मजुरी वाडीतच राहते.

आणि झाडं राखली की पाणी दुप्पट होतं वगैरे आश्वासनं देऊ नका. पाणी वाढेल की नाही ते पावसावर आणि खालच्या कातळावर आहे. पऱ्या गाळाने भरणार नाही एवढंच सांगा, तेवढं खरं आहे आणि तेवढं पुरतं.

देवराई_फिरस्ता

धागा आत्ता बघितला. तुमच्या तालुक्यातच हे काम चाललेलं आहे आणि कोणी लिहिलं कसं नाही. पुण्याची एईआरएफ म्हणून संस्था आहे, त्यांचं संगमेश्वरात बरीच वर्षं काम आहे, देवरायांवर आणि खाजगी जंगलांवर. जंगल मालकाशी ठरावीक वर्षं न तोडण्याचा करार करतात आणि त्याला काहीतरी मोबदला देतात. तुमच्यासारखे मुंबईचे मालक हाच तिथला मुख्य प्रश्न आहे, जमीन गावाला आणि निर्णय लालबागच्या खोलीत. त्यांच्याकडे निधी असेल नसेल, पण फोन करून रान बघायला बोलवा, त्यात तुमचं काही जात नाही.

दुसरं म्हणजे ते बेहडे. एवढा जुना बेहडा म्हणजे ढोलीत ककणेर (धनेश पक्षी) असण्याची चांगली शक्यता, जानेवारी ते एप्रिल बुंध्याशी बिया आणि विष्ठेचा सडा पडलेला दिसतो का बघा. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर फटीतून भरवतो, हे एकदा खालून बघितलं की काकासुद्धा झाड विकणार नाहीत. शिवाय बेहड्याच्या फळाला आयुर्वेदिक औषधवाल्यांची मागणी आहे, त्रिफळ्यातलं एक फळ तेच. एईआरएफनेच हिरडा-बेहड्याला फेअरवाइल्डचं प्रमाणपत्र मिळवून दिलं होतं, म्हणजे ककणेराला पुरतील एवढी फळं झाडावर सोडून, झाडाला न तोडता गोळा केलेला माल, आणि त्याला बाजारापेक्षा बरा भाव. दोन झाडांवर कोणी श्रीमंत होत नाही, पण आसपासच्या वाड्यांनी मिळून दिलं तर व्यापाऱ्याला बोलावण्याइतका माल होतो.

लालबागचा_चाकरमानी

बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. गावच्या भावाला फोन केला, तो म्हणतो ककणेर काय, आपण त्याला गरुड म्हणतो आणि तो दरवर्षी त्या वरच्या बेहड्यावरच असतो. एवढी वर्षं कोणी बोललंच नाही.

हिशोब असा घातलाय. साडेतीन लाख सात जणांत म्हणजे प्रत्येकी ५० हजार, एकदाच. हे ऐकल्यावर विक्रोळीवाले दोघे आपणहून म्हणाले की एवढ्यासाठी रान कशाला घालवायचं, त्यांना वाटत होतं जास्त येतील. पुण्याचा तटस्थ आहे, डोंबिवलीच्या भावाने कार्बनवाल्याशी बोलणं बंद केलंय. काकांचा प्रश्न राहतो, त्यांना छपरासाठी पैसे हवेतच आणि नुसतं ककणेर दाखवून छप्पर होत नाही. येत्या रविवारी लालबागला मंडळाची मिटिंग आहे, पाणी समितीचं आमच्यातर्फे मी मांडतो. विसाराचं काय करू पण?

जुना_वनपाल

विसार लगेच परत करा, रोख नको, बँकेतून करा म्हणजे नोंद राहते. चिठ्ठी परत मागून घ्या आणि व्यवहार रद्द झाला, एकमेकांकडे काही येणं नाही असं लिहून लाकूडवाल्याची सही घ्या, दोन साक्षीदार वाडीतले ठेवा. तो नुकसानभरपाई मागेल, बाकीच्या सहा हिस्सेदारांची लेखी संमती नव्हती एवढंच उत्तर द्या.

काकांचं छप्पर हा वेगळा विषय आहे, त्यासाठी १२ एकर उघडं करायची गरज नाही. वासे आणि आढ्यापुरतं लाकूड दोन-तीन ऐनांत निघतं. पऱ्यापासून लांबची, वाळायला लागलेली झाडं निवडा, सातही जणांच्या सह्यांनी घरगुती वापरासाठी रीतसर अर्ज टाका, पंचनामा होईल, झाडांवर शिक्का बसेल, मग तोडा. बाकी कौलं आणि मजुरी बाकीच्या सहा जणांनी प्रत्येकी थोडे थोडे घालून उचलावी. अर्ज मे महिन्याआधी टाका, नंतर पावसाची गडबड आणि साहेब दौऱ्यावर.

मीना_ठाणे

आणि मंडळाचा करार झाला तर त्यात मुदत लिहा, पाच वर्षं ठीक. वाडीने पैसे थांबवले तर काय आणि तुमच्यापैकी कोणी हिस्सा विकला तर काय, ही दोन कलमं आधी घाला. मसुदा एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घाला, इथे टाकलात तरी चालेल, आम्ही पण वाचू.